काळ्या पिशव्यांतला माल

फळीवरच्या डब्याचं झाकण वाजलं. टिण्ण.

सुट्टीची दुपार होती. घर कसं शांत पडलं होतं, पोर कुशीत नुकती डोळे मिटत होती, आणि त्या शांततेत एवढासा आवाज. दुसऱ्या कुणाच्या घरी कुणी कूस बदलून झोपलं असतं. ठकीची आई मात्र उठून बसली. कारण या घरात ते झाकण उगाच वाजत नसे. घर वर आणि कारखाना खाली. खालचा रबर दाबायचा प्रेस मिटला की वरची फळी हलायची, फळी हलली की झाकण वाजायचं. लग्न होऊन आली तेव्हा या आवाजानं तिचं डोकं उठायचं. मग पोर झाली, आणि त्याच आवाजावर पोर झोपायला लागली. आता झाकण वाजेनासं झालं की ठकी जागी व्हायची.

पण सुट्टीच्या दिवशी प्रेस?

पोरीला कडेवर घेऊन ती खाली आली, तर नवरा दारातच उभा. चेहरा दिवाळखोराला लॉटरी लागल्यासारखा.

"कंपनीनं माल दुप्पट मागितलाय! ऐकतेस ना? दुप्पट! आजपासून सुट्टी बंद."

"खरंच? एकदम दुप्पट?"

"मग काय चेष्टा करतोय? आता बाबांना मालक म्हणायला हरकत नाही. इतके दिवस नुसतेच बाबा होते."

बाबा, म्हणजे तिचे सासरे, प्रेससमोर पाठमोरे उभे होते. ते हसले नाहीत, वळलेही नाहीत. "रबर थंड होतंय. गप्पा काय मारत बसलात?" एवढंच म्हणाले. तिला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद दाखवता येत नाही. काही माणसांना येतच नाही.

हा कारखाना एकच वस्तू बनवायचा. मोटारीत पेट्रोल भरतात त्या टाकीच्या तोंडाशी बसणारी रबरी रिंग. बांगडीएवढी, काळी, दिसायला अगदी मामुली. पण ती नसेल तर पेट्रोलचा वास गाडीत घुमेल आणि थेंब भलतीकडे ठिबकतील. रबराचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस मिटायचा, तापू द्यायचं, उघडायचं. डाय म्हणजे रिंगेचा लोखंडी साचा. तो त्यांचा नव्हता. प्रेस त्यांचा, हात त्यांचे, घाम त्यांचा, पण डाय मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा. या धंद्यात तसंच असतं. ज्याचा डाय त्याचा माल, आणि डाय ज्याच्या घरी त्याची चूल पेटती. बाबांनी तो इतकी वर्षं असा सांभाळला होता की लोखंडाला माया लावावी तर अशी. ठकी रांगत होती तेव्हा हिवाळ्यात त्याच्याच उबेला बसायची.

रिंगांच्या कडेला राहिलेली रबराची झालर कात्रीनं काढणं आणि एकेक रिंग बोटांनी ताणून बघणं, हे तिचं काम. पोर झोपली की टेबलाशी, पोर उठली की पोरीशी.

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. नवरा शीळ घालायला लागला. लग्नाच्या आधी घालायचा, मधे कुठे हरवली होती कोण जाणे. एका सकाळी त्यानं घण उचलला आणि कारखान्याची मागची भिंत फोडायला घेतली.

"अरे, हे काय चाललंय?"

"दुसरा प्रेस येणार इथून. माल असाच वाढत गेला तर एकट्या प्रेसनं भागणार आहे का? आधी जागा करून ठेवू."

"बाबांना विचारलंस?"

"बघतायत की. नको म्हणाले असते तर घण हातातून काढून घेतला असता त्यांनी."

बाबा खरंच बघत होते. विटा पडत होत्या, धूळ उडत होती, शीळ चालली होती, आणि म्हातारा हातातलं फडकं पिळत नुसता बघत होता.

मग पिशव्या आल्या.

इतकी वर्षं माल उघड्या क्रेटमध्ये जायचा. आज दिला, उद्या गाडीला बसला, इतका सरळ हिशेब. आता कंपनीकडून जाड काळ्या पिशव्या आल्या. रिंगांना पावडर लावा, पिशवीत भरा, तोंड सील करा, वर तारीख मोठ्या अक्षरात लिहा, ऊन लागू देऊ नका.

ती पावडर लावत बसली होती. ठकी टेबलाखाली रिंगा हातात चढवत होती, पार कोपरापर्यंत. आणि पावडर लावता लावताच तिचा हात थांबला.

उजेड लागला की रबर म्हातारं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण ते व्हायला वेळ लागतो. जो माल उद्या गाडीला बसणार त्याला उजेडाची कसली भीती? काळ्या पिशवीत घालतात ते ठेवायचं असतं म्हणून. पुष्कळ दिवस ठेवायचं असतं म्हणून.

आणि रस्त्यावर तर रोज नव्या गाड्या दिसत होत्या. आवाज न करणाऱ्या, वायर लावून उभ्या राहणाऱ्या. त्यांना टाकी नाही. टाकी नाही तर तोंड कुठलं, आणि तोंड नाही तर रिंग कशाला? कंपनी पेट्रोलच्या गाड्या कमी करणार असं पेपरातही आलं होतं. गाड्या कमी आणि रिंगा दुप्पट?

भूक भागवायला घेतलेलं जेवण आणि प्रवासाची शिदोरी यांत फरक असतो. ही शिदोरी होती. डाय इथून हलवायचा, दुसरीकडे बसवायचा, तिथं पहिला माल पास व्हायचा, तोवर पुरेल एवढा साठा कंपनी त्यांच्याकडूनच करून घेत होती. त्यांच्याच हातांनी. आणि तिचा नवरा शीळ घालत भिंत फोडत होता.

नवऱ्याला सांगायला तिची जीभ उचलेना. डॉक्टरकडे जाते असं सांगून, पोरीला घेऊन ती थेट कंपनीत गेली.

खरेदीखात्याच्या साहेबांना सगळे पुरवठादार पाठीमागे साखरसाहेब म्हणत. नकार दिला तरी तोंडात गोडवा रेंगाळावा असं बोलणं. त्यांनी ठकीला गोळी दिली, तिला पाणी मागवलं.

"तुम्ही कशाला आलात इतक्या लांब? फोन करायचा. तुमच्या सासऱ्यांना मी मोठा भाऊ मानतो."

"मग भावाला काळ्या पिशव्या कशाला पाठवल्यात?"

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग ते म्हणाले, "तुम्ही हुशार आहात."

"हुशार असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. डाय कुठे चाललाय?"

"हे बघा, बाजारच फिरलाय. पेट्रोलच्या गाड्या राहणार थोड्या. त्या थोड्यांसाठी दहा ठिकाणी दहा माणसं सांभाळायला वरचे तयार नाहीत. सगळ्या रबराच्या वस्तू एकाच मोठ्या कारखान्याकडे. माझ्या हातात काही नाही हो."

"मग नव्या गाड्यांचं काम द्या. त्यांच्या बॅटरीच्या झाकणालाही रबर लागतंच ना?"

"लागतं. पण ते या टेबलाएवढं असतं. तुमच्या प्रेसमध्ये मावेल का?"

"तुकड्यातुकड्यांनी करू. जोडून देऊ."

"जोड चालत नाही. जोडातून पाणी शिरतं."

"मग छोटं काहीतरी. वायरीच्या भोकाचं बूच, पायाखालचा रबरी ठोकळा, काहीही. साहेब, आमचं आणि कामगारांची मिळून सहा घरं चालतात त्या एका प्रेसवर." आवाज चढवायचा नाही असं ठरवून आली होती, तोच आवाज आता रडवेला झाला. ठकी गोळी चघळायची थांबून आईकडे बघायला लागली.

साहेबांनी ठकीपुढे आणखी एक गोळी सरकवली.

"आणि शेवटचा लॉट आलाच नाही तर?" तिनं विचारलं. "साठा पुरा झाला नाही तर डाय हलणार नाही. बरोबर ना?"

"बरोबर. पण आमची गाड्या जोडायची लाइन थांबेल. आणि लाइन कुणी थांबवली ते बाजारात सगळ्यांना कळेल. मग बूच काय, टाचणीसुद्धा कुणी देणार नाही तुम्हाला." हेसुद्धा त्यांनी गोड आवाजातच सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "तुम्हाला घरी कुणी बोललं नाही का? तुमच्या सासऱ्यांना मी दुप्पट मालाचं सांगितलं, त्याच दिवशी हेही सांगितलं होतं."

परत येताना रस्ता कसा सरला, तिचं तिला कळलं नाही.

दुपारी माल गाडीत भरायचा होता, शेवटचा लॉट. बाहेर रचलेल्या पिशव्यांतली एक तिनं उचलली, जिना चढून वर नेली आणि ठकीच्या पलंगाखाली ढकलली. पुढचं काही तिनं ठरवलं नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिची काडी काळ्या प्लॅस्टिकची होती.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. थांबत, धापा टाकत. गुडघे धरल्यापासून बाबा वर यायचं टाळत असत. ते दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पिशव्या मोजल्या होत्या, एक कमी होती. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत राहिली.

"आजोबा," ठकी म्हणाली, "माझ्या पलंगाखाली काळी बाई झोपलीय. तिला उठवू नका हं."

"नाही उठवत, बाळा. उचलून नेतो."

ते वाकले. गुडघा कटकन वाजला. तिनं धावत जाऊन पिशवीचं दुसरं टोक धरलं.

"नाही द्यायची ही! बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं."

"होतं."

"तो भिंत फोडत होता, तुम्ही बघत होतात! एक शब्द बोलला नाहीत!"

"काय बोलणार?" बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांनी शीळ घालत होता तो. म्हटलं, दोन दिवस घालू दे."

तिनं पिशवीचं टोक आणखी घट्ट धरलं.

"मला वाटलं, शेवटचा माल असा द्यावा, एक रिंग परत येऊ नये. मग त्यांनाच वाटेल, हा माणूस सोडायचा नाही. काहीतरी देतील." त्यांनी पिशवी हळूच ओढली. "सोड. लाइन थांबेल गं त्यांची."

"थांबू दे! आपली थांबली तर कोण येणार आहे विचारायला?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "पण माझ्यामुळे आजवर कुणाची थांबली नाही."

तिनं पिशवी सोडली. पटलं म्हणून नव्हे. म्हाताऱ्यानं ती सोडली नसती, आणि ओढाताणीत पिशवी फाटली असती म्हणून. नवरा जिन्यात खाली उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वर आला नाही. थोड्या वेळानं खालून पुठ्ठे फाडल्याचा आवाज आला. फोडलेल्या भिंतीचं भोक तो पुठ्ठ्यांनी बुजवत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डाय न्यायला माणसं आली. नव्या कारखान्याचीच होती. तरणी, घाईतली. बाबांनी डाय स्वतः पुसला, तेल लावलं, फडक्यात गुंडाळला. ती माणसं उचलून चालायला लागली तशी त्यांनी हाक मारली.

"अहो, ऐका जरा. डाव्या कोपऱ्यात रबर चिकटतं. आधी तिथं नळीनं हवा मारायची, मगच रिंग उचलायची. ओढाल तर फाटेल."

"आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे, काका," एक जण हसत म्हणाला.

"असू दे. तरी हवा मारा."

गाडी गेली. प्रेसच्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये डायच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन उरला. बाकी सगळं काळं, तेवढंच चकचकीत.

मग झाकण वाजेनासं झालं. कामाची माणसं इकडे तिकडे पांगली. नवरा सकाळी नमुन्याच्या रिंगा खिशात घालून निघायचा, या दारातून त्या दारात, आणि संध्याकाळी त्याच रिंगा खिशात घेऊन परत यायचा. ठकीला दुपारी झोपच लागेना. ती मांडीवर घेऊन थोपटायची, ताटलीवर चमचा वाजवून बघायची. पण पोरीला कसं फसवणार? तो आवाज चमच्याचा नव्हताच.

अशाच एका दुपारी ती पोरीला थोपटत बसली होती, तिचेच डोळे जड झाले होते, आणि –

टिण्ण.

ठकी ताडकन उठली. "आई! डाय आला!"

नवऱ्याला काम मिळालं का? कुणी काही पाठवलं का? पोरीचा हात धरून ती अनवाणी जिना उतरली. अर्ध्या जिन्यात पुन्हा तोच आवाज, वरच्या फळीवरून. टिण्ण.

खाली प्रेस तापला होता. त्याची ऊब दारापर्यंत येत होती. बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीचं फडकं खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी दोन्ही पाट्यांच्या मध्ये बघितलं, डाव्या कोपऱ्यात नीट हवा मारली, आणि मूठ ओढली. प्रेस मिटला. ते थांबले, रबर शिजायला लागतो तेवढा वेळ. मग प्रेस उघडला. आत काही नव्हतं. त्यांनी पुन्हा हवा मारली.

पुठ्ठ्यांच्या फटीतून येणारा उजेड त्या चकचकीत चौकोनावर पडला होता. बाबांना या दोघी दिसल्या नाहीत.

ठकीनं वाकून आत बघितलं. मग तिनं आईचा पदर ओढला आणि मोठी माणसं कामात असताना बोलतात तशा हलक्या आवाजात विचारलं,

"आई, आत तर काहीच नाहीये. मग आजोबा काम कुणाचं करतायत?"