पाणी बघायला माणूस

“पाऊस पडत असला की एकट्यानं गळ टाकायचा नाही. पाणी बघायला शेजारी दुसरं माणूस पाहिजे.”

शेजारच्या थोरलीचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे. उठून बसायची ताकद राहिली नव्हती तिच्यात, पण आवाज रोजचाच, दार लोटून घ्या म्हणून सांगावं तसा. मी तिच्या उशाशी ओला फडका पिळत होते. तिचा नवरा उंबऱ्यात बसून गळाला धार लावत होता. त्यानं मान वर न करता हुं केलं.

“नुसतं हुं नको. तोंडानं म्हणा.”

“नाही टाकणार एकट्यानं,” तो म्हणाला.

“शेजारीण ऐकतेय,” असं म्हणून ती थोडी हसली. मग खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. समोरच्या घरातून तिच्या धाकट्या दिराच्या शिलाई मशीनचा खडखडाट येत होता. जरा वेळानं ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “धाकट्याला लांबचं अजून चांगलं दिसतं.” उंबऱ्यातला धार लावायचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला. थंडी सरायच्या आत थोरली गेली.

तिच्या नवऱ्याला सगळं गाव बगळा म्हणतं. गुडघाभर पाण्यात काठी धरून तो असा उभा राहायचा, की खरे बगळेसुद्धा त्याच्या शेजारी येऊन उभे राहत. ते नाव त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही. मी भाऊजी म्हणते. माझ्या घरात मासा शिजत नाही, आणि मासे मारून जगणाऱ्या या घराशी माझा इतका घरोबा कसा, याचं बायकांना नवल वाटायचं. मला कधी वाटलं नाही. संध्याकाळी मी दिवा लावायचे तेव्हा थोरली तिच्या दारात हात जोडून उभी असायची. तेवढ्यावर आमचं जमलं होतं.

भाऊजींच्या डोळ्यांत पडदा यायला लागला तशी ती त्यांच्याबरोबर तळ्यावर जाऊ लागली. बसायला एक बुटकं स्टूल, डोक्यावर छत्री. काम एकच, पाणी बघायचं. मरळ माशाची रीत मला तिनंच सांगितली. मरळीची पिल्लं तांबडीलाल, बोटाच्या पेराएवढीही नसतात, आणि शेकड्यांनी एका घोळक्यात फिरतात. मधूनमधून सगळी मिळून श्वास घ्यायला वर येतात. तेव्हा पाण्यावर बारीक ठिपके उठतात, तेवढ्याच जागेवर पाऊस पडावा तसे. आईबाप खाली राखण करत असतात. त्या दिवसांत त्यांना खाण्याची शुद्ध नसते, पण पिल्लांजवळ काही हललं की त्याच्यावर तुटून पडतात. गळाला लावलेला बेडूकही त्यातच आला. म्हणून फुकटची मोठी मरळ हवी असेल त्यानं नेमका त्या ठिपक्यांत गळ टाकावा. थोरलीला ते चालायचं नाही. त्या दोघांना मूल नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही.

उन्हाच्या दिवसांत ते ठिपके कुणालाही दिसतात. पावसात मात्र सगळं तळंच ठिपक्यांचं. त्यातून ती पिल्लांचे ठिपके वेगळे काढायची. पावसाचा थेंब पडला की पाणी उडतं, पिल्लू खालून नुसतं टेकून जातं, असं म्हणायची. मला तिनं कितीदा बोट करून दाखवलं. मला सगळं सारखंच दिसलं. ती “तिकडं नको” म्हणाली की भाऊजी काठी उचलून दुसरीकडे जायचे. का म्हणून विचारायचे नाहीत.

ती गेल्यावर उन्हाळा कसाबसा निभावला. पाणी नितळ होतं, एकट्याचं भागत होतं. मग पाऊस लागला तो उघडायचं नावच घेईना. रस्त्यात चिखल, चुलीत ओली लाकडं, वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास. अशा हवेत मरळ चांगली लागते, तरी भाऊजींची काठी खुंटीवरच. गावातली माणसं जाता येता टोकायची, बगळ्याला पाण्याची भीती वाटायला लागली का म्हणून. ते तरी काठीला हात लावत नसत. मला मनातून बरं वाटायचं. शब्द पाळायचा म्हटलं की जिवाला त्रास हा असायचाच. रोजचा नेम धरणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

पण घर त्यांना खायला उठलं. त्यात ती भिंत. समोरचा शिंपी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोन घरांमध्ये एक माणूस जाईल एवढीच बोळ. धाकट्यानं पत्रा नवा घातला तेव्हा पन्हळ काढली ती बोळीत, आणि तिचं पाणी थेट भाऊजींच्या भिंतीवर. त्यांनी सांगितलं, पन्हळ वळव. धाकटा म्हणाला, वळवतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं. थोरली होती तोवर त्या धारेखाली पिंप ठेवायची, भरलं की उपसायची, आणि दोन्ही घरांत जाऊन बसायची. ती गेली, पिंप कुणी ठेवलं नाही. भाऊजी बाहेर पडताना ती धार चुकवून मागच्या दारानं जात. अंगावर त्याचं पाणी नको म्हणून.

“वहिनी, भिंतीवरचे डाग पाठ झाले माझे,” एकदा मला म्हणाले. “डोळे मिटले तरी दिसतात.”

त्यानंतर एका सकाळी बघते तर खुंटीवर काठी नव्हती.

दुपारी परत आले ते रिकाम्या हातानं. अंगातून पाणी निथळत होतं, आणि घरात न शिरता माझ्या ओट्याच्या कडेला टेकले. मी टॉवेल दिला तो हातातच धरून बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. गळ टाकल्या टाकल्या लागली होती. जोर मोठा होता, पण हातात घेतली तर पोट खपाटीला गेलेलं. तेव्हाच शंका आली. गळ घशात खोल गेला होता, काढता काढता ती हातातच संपली. आणि मग पाऊस जरा थांबला. पाऊस थांबला, पण त्यांच्या पायाजवळच्या पाण्यावर ठिपके उठतच राहिले.

ती मरळ त्यांनी घरी आणली नाही. बांधाच्या कडेला खड्डा करून पुरली.

मी म्हटलं, जोडीतली दुसरी असेल ना अजून.

“आहे. दिसली शेपटी हलवताना.” टॉवेल त्यांनी गुडघ्यावर घडी करून ठेवला. “पण एकटीनं किती बाजू बघायच्या?”

मी आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा तळ्यावर जायला लागले. बरोबर काठी नाही. एक लांब बांबू आणि एक रिकामा डबा. पिल्लांच्या घोळक्यासमोर काठावर बसायचं आणि बगळा, खंड्या, पाणकावळा, जो येईल त्याला डबा वाजवून उडवायचं. पावसात तसंच, डोक्यावर पोतं घेऊन. पहाटे उजाडलं की जात ते अंधार पडायला परत येत. मी दिवा लावायच्या वेळेला बांधावरून त्यांची आकृती येताना दिसायची.

गावाला तर करमणूकच झाली. न्हावी म्हणाला, बगळाच बगळ्यांना हाकलतोय, भावकीचं भांडण दिसतंय. दूधवाल्यानं विचारलं, बाळंतीण कशी आहे. भाऊजींनी त्याला गंभीरपणे सांगितलं की बाळंतीण बरी आहे, पण दूध तुझं नको, त्यात आमच्याच तळ्याचं पाणी असतं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. बगळा जिथे राखण बसतो तिथे मोठी मरळ असणार, हे कळायला कुणी शहाणं लागत नाही. खानावळवाला एक दिवस काठी घेऊन आला. भाऊजींना बघून बसला, विडी ओढली, मरळीची चौकशी केली. मग उठताना म्हणाला, “बसा तुम्ही. जन्मभर थोडेच बसणार आहात? कधीतरी आजारी पडालच.”

त्याच्या तोंडाला काय म्हणावं. भाऊजी खरंच पडले. अंगात ताप, छातीत कफ, डबा उचलला तर हातातून निसटे. तरी उठून पायांत वहाणा घालत होते. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, आज मी जाते.

देवापुढचं आवरून मी तळ्यावर गेले. ते बसतात तिथे बसले, त्यांच्यासारखा डबा वाजवला. एकटं बसलं की तळं फार मोठं वाटतं. पलीकडचा काठ पावसात पुसून गेला होता. माणूस नाही, जनावर नाही, नुसता पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज. इतके दिवस हे इथे असे बसत होते, आणि मला वाटायचं की मी त्यांच्या शेजारी राहते.

पक्षी मला हाकलता आले. पण पिल्लं कुठे सरकली ते काही केल्या कळेना. मी ज्या पाण्याची राखण करत होते ते कदाचित नुसतं पावसाचं पाणी असेल. तेवढ्यात खानावळवाला आलाच. मला बघून काकू काकू करत गोड बोलला. म्हणाला, तुम्ही देवाधर्माची माणसं, इथे माशांच्या वासात कशाला, घरी जा. मी नाही म्हटलं. पण मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. माझं नाही त्याच्यापर्यंत पोचलंसुद्धा नसेल. घटकाभर पाण्याकडे बघून, दुपारी गिऱ्हाईक उरकलं की येतो म्हणून तो गेला.

मी घरी आले. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. बाहेर पन्हळीची धार भिंतीवर आपटत होती.

मी सांगितलं, तो दुपारी येणार आहे. मी पुन्हा जाऊन बसेन, पण माझ्या बसण्यानं काही होणार नाही. “मला ते ठिपके दिसत नाहीत आणि मला ओरडता येत नाही. ज्याला दोन्ही येतं तो समोर राहतो.”

समोर मशीन चाललं होतं. धाकट्याचं मशीन कुणासाठी थांबत नाही. माप द्यायला आलेल्या माणसाशीही तो पाय हलवत हलवतच बोलतो, आणि ते त्याच्या मोठ्या आवाजालाच जमतं. आताशा सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते, पण बांधापलीकडं कुणाचं जनावर चरतंय ते तो दारातून सांगतो. ते मशीन थांबलेलं मी एकदाच ऐकलं होतं, थोरली गेली त्या सकाळी.

“त्यानं माझी भिंत भिजवली,” भाऊजी म्हणाले.

“भिजवली खरी.”

“तो पन्हळ वळवणार नाही, आणि मी त्याच्या दारात जायचं.”

“पन्हळीचं नाही सांगत मी. तिनं तुमच्याकडून दुसरं माणूस मागितलं होतं, मी ऐकलंय.”

त्यांनी खिडकीकडे बघितलं. त्यांना ती बोळही धड दिसत नसणार.

“तिनं नावसुद्धा घेतलं होतं,” ते म्हणाले. “मी धार लावत होतो.”

मग ते उठले. भिंतीला धरत धरत उठले, मी हात दिला नाही, त्यांना आवडलं नसतं. घोंगडी पांघरली. डबा घेतला. कोपऱ्यातलं थोरलीचं बुटकं स्टूल उचलून घोंगडीच्या टोकानं पुसलं, आणि ते दुसऱ्या हातात धरलं. छत्री मी त्यांच्या काखेत दिली. उघडायला हात मोकळा नव्हता.

मागच्या दाराकडे ते वळले नाहीत. पुढचं दार उघडून बोळीत उतरले आणि पन्हळीच्या धारेखालून सरळ गेले. पाणी डोक्यावर पडलं, स्टुलावर पडलं, डब्यावर वाजलं. समोरच्या पायरीशी ते थांबले. हाक मारायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला.

मी उंबऱ्यात उभी होते. पाऊस होता तसाच पडत होता, आणि समोरचं मशीन थांबलं.