आत्याबाईंना खो

वर्षाराणी मॅडमच्या तासाला कुणी नुसतं बसून राहायचं नाही, असा नियमच होता. एरवी शाळेत खेळाचा तास म्हणजे काय, तर चार दांडगी पोरं चेंडू बडवणार आणि उरलेला वर्ग त्यांच्या चपला सांभाळणार. मॅडमनी पहिल्या आठवड्यातच ते मोडीत काढलं. साखळीत जो सापडेल त्यानं साखळीलाच हात जोडायचा. लंगडीत बाद झालेल्यानं उठून समोरच्या संघात जायचं. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या पोरीच्या गळ्यात त्या शिट्टी अडकवायच्या आणि पंच म्हणून तिला खेळणाऱ्यांपेक्षा जास्त पळवायच्या. दोन दिवसांत पोट बरं!

बाई मूळच्या परळीच्या. आवाज असा खणखणीत, की त्यांनी मैदानातून हाक मारली तर फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं मागं वळून बघायची. वडवणी तालुक्यातल्या या गावात बदली झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, मैदान मुरमाचं आहे, पोरं काटक आहेत, आता आणखी काय पाहिजे? पण पाहिजे होतं. सुंदरबाईंची परवानगी पाहिजे होती.

सुंदरबाई म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष मोहनराव यांची आई. मोहनराव गावाला कायदा शिकवायचे आणि घरात आईला विचारल्याशिवाय तांब्या उचलायचे नाहीत. एकदा सुंदरबाई आठवडी बाजारातून परत येताना शाळेपाशी थबकल्या. आठवीच्या पोरी ओढण्या कमरेला आवळून खो-खो खेळत होत्या, आणि त्यांत खांबाला वळसा घालून सुसाट सुटलेली पोर कोण, तर त्यांची सख्खी नात, मोहनरावांची चैताली. झालं! संध्याकाळी घरात हुकूम सुटला आणि दुसऱ्या दिवशी मोहनराव शाळेत हजर.

"मॅडम, मुलींना खेळाच्या तासाला शिवणकाम ठिवू. मशीन मी आणून देतो. पोरींना जलमभर कामाला यील."

"आणि खेळ कावून बंद?" मॅडमनी विचारलं.

"रस्त्यावरनं सगळं दिसतंय वो. आई म्हनती, बरं दिसत न्हाई."

"मग रस्त्यानं जाणाऱ्यांनी खाली मान घालून जावं की! पोरींनी कशापायी घालायची?"

हेडमास्तर उगीच खोकले. मॅडमना स्वतःलाही कळलं, जीभ जरा जास्तच सुटली. पण आता माघार कसली घेतात त्या? म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, शनिवारी पालक मेळावा आहे. पोरींच्या आयांनाच विचारू. फक्त माझी एक अट. आयांनी आधी खेळायचं, मग बोलायचं. खेळून झाल्यावर त्या म्हणाल्या बंद करा, तर त्या मशीनवरची धूळ मी रोज स्वतः पुसेन."

मोहनरावांना हसू फुटलं. गावातल्या बायका आणि मैदानात? "मंजूर," म्हणाले.

मॅडमना आपल्या खेळावर भरवसा होता. तरी काळजात बारीक धाकधूक होतीच. पुढच्या महिन्यात तालुक्याचे सामने होते, आणि चैतालीसारखी पळणारी पोर त्यांनी नोकरीत आजवर पाहिली नव्हती. तास गेला की सराव गेला, आणि सराव गेला की ती पोर मशीनपुढं बसली. हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

शनिवार उजाडला. दसरा व्हायचा होता, त्यामुळं ऊसतोडीला जाणारी माणसं अजून गावातच होती. दिवाळीनंतर मेळावा ठेवला असता तर अर्ध्या आया कारखान्यावर असत्या. आता मात्र मैदान लुगड्यांनी आणि साड्यांनी भरून गेलं. बायका आल्या, पण पदर डोक्यावरून हलेना, कारण व्हरांड्यात दीर-सासरे खुर्च्या टाकून बसलेले. मॅडम तिथं गेल्या आणि एकेक खुर्ची भिंतीकडं तोंड करून फिरवली.

"मंडळी, आता भिंत बघा. तिच्यावर पाढे लिहिलेत, पाठ करा."

मैदानात हशा पिकला. मोहनराव मुकाट्यानं भिंतीकडं वळले. बायकांनी पदर खोचले.

मॅडमनी वर्गात करतात तसे एक-दोन, एक-दोन म्हणत दोन संघ पाडले. सुंदरबाई कडेला बसून राहणार होत्या. पण त्यांच्या शेजारच्या दगडाबाई, वयानं त्यांच्याच बरोबरीच्या, साडीचा काचा मारून कधीच रांगेत उभ्या होत्या. "सुंदरे, तू बस गं. तुझे गुडघे गेले," दगडाबाई म्हणाल्या. झालं, सुंदरबाई ताडकन उठल्या. "माझे गुडघे गेले म्हनती! तुझं तोंड कधी जानार?" आणि रांगेत शिरल्या.

इथंच मॅडमची चूक झाली. एक-दोनच्या नादात सुंदरबाई आणि त्यांची सून मनिषा एकाच संघात आल्या.

चैतालीची आई मनिषा पाठलागाला उठली. काय पळायला लागली म्हणता! मॅडमच्या भुवया वर गेल्या. हे पाय नवशिके नव्हते. बसलेल्या बाईच्या पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. फिरून तिची पाळी आली आणि पळत पळत ती सुंदरबाईंच्या मागं येऊन पोचली. समोर, सुंदरबाईंच्या हाताच्या अंतरावर, विरुद्ध संघातल्या दगडाबाई उभ्या. नुसता खो द्यायचा अवकाश!

मनिषाचा हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. सासूच्या पाठीत थाप मारायची? उभ्या गावासमोर? ती गोंधळली, मधली रेषा ओलांडून सुंदरबाईंच्या पुढ्यात आली, वाकून दोन्ही हातांनी पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, खो."

पोरी हसून हसून लोळल्या. मॅडमनाही हसू आवरेना, पण शिट्टी ती शिट्टी. "फाउल! रेषा ओलांडली. खो पाठीमागूनच द्यायचा!"

त्यानंतर कुणीच सुंदरबाईंना खो देईना. गावात जी ती कुठल्या ना कुठल्या नात्यानं त्यांची सून, नाहीतर पुतणसून. मागून पळत यायच्या आणि सुंदरबाईंना वगळून पुढच्या बाईला खो द्यायच्या. दगडाबाई पक्क्या. त्यांच्या लगेच ध्यानात आलं, की सुंदरबाईंच्या समोर उभं राहिलं की कुणाची भीती नाही. त्या तिथं येऊन कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"काय सुंदरे, सावली बरी हाय तुझी," म्हणाल्या. "देवळातल्या देवीवानी बस. तुला कोन हात लावतंय?"

मॅडमना पुढचं सगळं दिसायला लागलं. म्हातारी आता चिडून उठणार, शिव्या देत घरी जाणार, आणि तिच्यामागं सगळ्या बायका. संपला पोरींचा तास. एक-दोन मोजताना डोळे कुठं होते माझे, असं त्यांनी स्वतःलाच झापलं.

सुंदरबाई चिडल्या खऱ्या. चेहरा लाल झाला. मनिषा पुन्हा मागून पळत येत होती, नेहमीसारखी वगळून जाणार, तेवढ्यात उकिडव्या बसल्या जागेवरून सुंदरबाई कडाडल्या, "अगं ए भवाने! मला काय शोभंला बसवलंय का हितं? सगळ्या खेळत्यात आन् मी एकटीनंच माती उकरू? दे की!"

मनिषा थांबली. एक श्वास घेतला आणि सासूच्या पाठीवर असा सणसणीत हात हाणला, की भिंतीकडं तोंड करून बसलेले मोहनराव दचकले.

"खो!"

पुढच्याच क्षणी सुंदरबाई उसळल्या आणि दगडाबाईंच्या कमरेवरचा हात सुटायच्या आत त्यांचा काचा धरला. दगडाबाई बाद! बायकांनी असा कल्ला केला की बाभळीवरची पाखरं उठली. चैताली तर उड्या मारत आजीला बिलगली.

मनिषा मात्र जागच्या जागी उभी. रंग उडालेला.

"इकडं ये," सुंदरबाई धापा टाकत म्हणाल्या. मनिषा जवळ गेली. "हात लई जड हाय गं तुझा. कुठं खेळायचीस?"

"वडवणीला. शाळेत. तालुक्याच्या संघात होते, आत्याबाई."

"आन् मंग कावून सोडलं?"

मनिषानं मान खाली घातली, पण उत्तर सरळ दिलं. "लग्न होऊन तुमच्या घरी आले."

पाठ चोळत सुंदरबाई सुनेकडं बघत राहिल्या, मग नातीकडं. मत विचारायची वेळ हीच, म्हणून मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली.

"मोहन्या!" सुंदरबाईंनी हाक मारली. "वळ इकडं."

मोहनराव खुर्चीसकट वळले.

"ती मशीन आली का?"

"आली की. हापिसात ठिवलीय."

"मंग ठिव शिवनकाम. पोरांना! तुझा सत्यम नववीत गेला, आजून सदऱ्याचं बटन माझ्याकडनं लावून घेतो. पोरी खेळतील." त्यांनी मैदानावर नजर फिरवली. "कुनाला काय म्हनायचंय का?"

बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मॅडम शिट्टीच्या दोरीनं डोळे पुसत होत्या.

"आन् मॅडम," सुंदरबाई पुढं म्हणाल्या, "पुढच्या टायमाला मला सुनंच्या इरुद्ध टाका. लई वर्षं दबकून चालली ती माझ्यापुढं. आता मला तिला पळताना बघायचंय."

मनिषा हसली आणि सुटलेला पदर तिनं पुन्हा कमरेला खोचला.