तीनशे बारा म्हातारे

छापखान्यात प्रुफं तपासायची आमची रीत सोपी होती. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने लाल पेनाने खुणा करायच्या. वाचणारी माझी धाकटी बहीण चिमणी, खुणा करणारी मी. प्रुफावर सही फक्त खुणा करणारीची. चिमणीला ही नोकरी मीच लावून दिली होती, म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

एका प्रवाशाची शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी रोजनिशी छपाईला आली. स्पेलिंगं त्या काळची: ‘कनेक्शन’मध्ये ‘सीटी’च्या जागी ‘एक्स’, ‘शो’मध्ये ‘ओ’च्या जागी ‘ई’, ‘टुडे’च्या मधोमध आडवी रेघ. टाइपसेटरने सगळं आजच्या स्पेलिंगात आणून ठेवलं होतं. आमचा नियमच तसा. वेगळं काही हवं असेल तर तशी चिठ्ठी करून त्यावर दोघींनी सह्या करायच्या.

दुपारी फोन वाजला. चिमणीने घेतला.

“ताई, त्यांचा थोरला नातू होता. म्हणाला, आजोबांनी लिहिलंय तसंच ठेवा, एक अक्षर हलवू नका.”

मी चिठ्ठी केली नाही. सख्ख्या बहिणीकडे कसली चिठ्ठी मागायची?

पुढचे पंधरा दिवस ती एकेक अक्षर सुटं करून वाचायची आणि जुनं स्पेलिंग आलं की खिदळायची, “ताई, धर, अजून एक म्हातारा!” मी त्याला लाल शाईने परत जागेवर बसवायची. तीनशे बारा म्हातारे बसवले. इतकं सुखाचं काम मी जन्मात केलं नव्हतं.

पुस्तक छापून होईपर्यंत थोरला नातू वारला. धाकट्याने पुस्तक उघडलं आणि तणतणत आला, “पानापानावर चुका!”

साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. दोघींपैकी एकीलाच ठेवणार, हे त्यांनी महिन्यापूर्वीच सांगितलेलं होतं. टेबलावर माझ्या लाल शाईची प्रुफं पसरली होती.

“फोन आला होता, साहेब,” मी म्हणाले. “हिनेच घेतला. सांग ना गं.”

चिमणीने माझ्याकडे पाहिलंच नाही. “मला नाही आठवत, साहेब. माझं काम वाचायचं. खुणा ताईंच्या आहेत.”

ताईंच्या! कालच माझ्या ताटातलं उचलून खाल्लं होतं हिने. केसाने गळा कापणं मी ऐकून होते, पण कापणारीला लहानपणी मीच कडेवर घेऊन फिरले होते. फार संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. कुणाची, ते सांगता येईना.

साहेबांनी त्या नातवासाठी माफीचं पत्र टाइप करून घेतलं. यात तरी चूक नको म्हणून दोघींना समोरासमोर बसवलं. चिमणीने कागद हातात घेतला, मी लाल पेन उघडलं.

“सदर चुका,” ती वाचू लागली, “सर्वस्वी आमच्या मुद्रितशोधक बाईंच्या मनमानीमुळे झाल्या असून, स्वल्पविराम, त्यांना आजपासून कामावरून कमी केले आहे.”

मला वाटलं, इथे तरी ही अडखळेल. मी पेन टेकवून थांबले.

“पूर्णविराम,” चिमणी म्हणाली, आणि पुढची ओळ वाचू लागली.