लाल गाडीची हिवाळी तयारी

कोल्हापूरजवळच्या फुलेवाडीत पशुखाद्याचं दुकान चालवणाऱ्या उदयसिंह इंगवलेनं दोनच माणसं बसतील अशी लाल स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा गल्लीनं एकच प्रश्न विचारला, की हिच्यात पेंडीची पोती कुठं ठेवायची? गाडी पुण्याच्या एका डॉक्टरनं वापरलेली होती आणि इतकी बुटकी होती, की उदयसिंह आत बसायला लागला की लोकांना वाटायचं, हा आता रस्त्यावरच मांडी घालतोय. पण गाडीवर त्याचा फार जीव. पावसाळाभर त्यानं ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि रोज सकाळी तो ताडपत्री उचलून तिला बघून यायचा.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले. उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या आणि रस्त्यावर उसाचं वाळलेलं पाचट पडायला लागलं. एका सकाळी बालिंग्याच्या वळणावर, दवानं भिजलेल्या पाचटावर उदयसिंहनं जरा जोरात पाय दिला आणि गाडीचं बूड एकदम पुढं आलं. गाडी भिंगरीसारखी फिरली आणि थांबली तेव्हा तिचं तोंड आल्या वाटेनं परत कोल्हापूरकडं होतं. समोर उसाचा ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं वरून वाकून बघितलं.

"पावणं, येताय का जाताय? एकदा काय ते ठरवा की!"

कुणाला काही लागलं नाही. पण उदयसिंहच्या मनाला लागलं. महालिंग मेस्त्रीनं त्याला कारण सांगितलं. महालिंग निपाणीकडचा, उद्यमनगरात त्याचं गॅरेज होतं. इंजिन पुढं, सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि मागं वजनच नाही. "मागचं चाक हलकं झालं की गाडी कुणाचं ऐकत न्हाय, अण्णा," तो म्हणाला.

त्या दिवशी उदयसिंहनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्याला एका व्हिडिओत नॉर्वेचा एक दाढीवाला सापडला. मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार हिवाळ्यासाठी कशी तयार करायची, हे तो माणूस अगदी शांतपणे सांगत होता. थंडीतले मऊ टायर घाला. रेडिएटरमध्ये गोठणार नाही असं पाणी घाला. मागच्या डिकीत वजन ठेवा. चाकांना साखळी लावा. आणि बर्फात अडकलात तर म्हणून गाडीत घोंगडी, फावडं, मेणबत्ती आणि खायचं काहीतरी ठेवा.

उदयसिंह हा औषधाच्या खोक्यातला कागद दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस. सूचना दिली आहे म्हणजे ती पाळायची, अर्धी पाळून कसं चालेल?

त्याची बायको संयोगिता हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "अहो, तो माणूस नॉर्वेत राहतोय. तिथं बर्फ पडतो. आपल्याकडं हिवाळ्यात लोक फार तर कानटोपी घालतात."

"हिवाळा तितंबी हिवाळा आणि हितंबी हिवाळाच की," उदयसिंह म्हणाला. "घसरलो का न्हाय मी?"

याच्यावर भूगोलात उत्तर नव्हतं.

महालिंगला काम आवडलं. टायर मिळाले, पाणीही मिळालं. साखळी मात्र कुठंच मिळेना. मग उदयसिंहला आठवलं, आपल्याच दुकानात म्हशी बांधायच्या साखळ्या टांगलेल्या आहेत. महालिंगनं त्या जोडून, वेल्डिंग मारून दोन्ही मागच्या चाकांवर जाळीसारख्या बसवल्या. डिकीत वजन म्हणून सरकी पेंडीची पोती गेली. घोंगडी, फावडं, मेणबत्त्या, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी संयोगितानंच आणून ठेवली, पण तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

उदयसिंह गाडी घेऊन गल्लीत शिरला तेव्हा डांबरावर साखळ्यांचा असा आवाज झाला, की लोक बाहेर आले. गाडी सायकलच्या वेगानं चालली होती. चाकातून ठिणग्या उडत होत्या. आणि मागून, डिकीतल्या पेंडीच्या वासानं, दूधवाल्या बायडाबाईची म्हैस दावं तोडून चालली होती. तिच्यामागं बायडाबाई.

"उदयसिंग, आरं थांब! ही काय तऱ्हा?" बायडाबाईनं म्हशीचं शिंग धरून विचारलं. "चाकाला म्हशीची साखळी कशापायी बांधलीस?"

"बर्फात घसरू नये म्हणून," उदयसिंह म्हणाला. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

 बायडाबाईनं मान वर करून आभाळाकडं बघितलं.

ती रोज चाळीसेक घरी दूध घालायची. दुसऱ्या दिवशी दूध पोचलं त्या प्रत्येक घरात कोल्हापुरात बर्फ पडणार असल्याची बातमीही पोचली होती.

सुरुवातीला उदयसिंहला गंमत वाटली. मग दुकानात माणसं यायला लागली. पेंड न घेता उभी राहायची आणि हळूच विचारायची, "कवा पडतंय म्हणं?"

"आरं, कुटलं बर्फ? मी पाचटावरनं घसरलोतो!"

"पाचटाला साखळी लावत्यात व्हय?"

"न्हाय, पण—"

"असू दे, असू दे. सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे." आणि माणूस डोळा मिचकावून निघून जायचा.

संयोगितामुळं तर प्रकरण पक्कं झालं. बायको भूगोलाची बाई, तिला वाऱ्यापावसाचं आधी कळणारच, असं लोक बोलायला लागले. शाळेत तिनं वर्गात नकाशा लावून समजावून सांगितलं, की सोळा-सतरा अक्षांशावर, एवढ्या कमी उंचीवर बर्फ पडत नाही. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, की आज बाईंनी बर्फावर धडा घेतला.

मुरगूडचा एक शेतकरी गाडी करून आला. बर्फाच्या आधी ऊस तोडावा का नंतर, एवढंच त्याला विचारायचं होतं. उदयसिंहनं हात जोडून सांगितलं, "दादा, बर्फ पडत न्हाय." शेतकरी खूश झाला. "म्हणजे अजून न्हाय. आधी तोडतो," म्हणाला आणि गेला. महालिंगकडं स्कूटरला साखळी लावून घ्यायला रांग लागली. तो नाही म्हणेना. "गिऱ्हाईक मागतंय तर बसवतो. माझ्या बापाचं काय जातंय?" असं त्याचं म्हणणं. उदयसिंहच्या दुकानातल्या साखळ्या संपल्या. फुलेवाडीतल्या म्हशी दोरीनं बांधलेल्या आणि गाड्या साखळीनं, अशी अवस्था झाली.

बर्फ पडणार तो येत्या रविवारी सकाळी, पन्हाळ्यावर, हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण ते ठरलं.

शनिवारी गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला. उदयसिंह गाडीखाली झोपून साखळी घट्ट करतोय, आणि खाली लिहिलेलं, 'तयार राहा.' उदयसिंहनं तो बायकोला दाखवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी खरंच काय न्हाय केलं गं. नुसती गाडीची तयारी केली."

"उद्या आपण वर जाऊ," संयोगिता म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. तोंडावर सांगितल्याशिवाय हे थांबायचं नाही."

रविवारी पहाटे दोघं निघाले. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळपासूनच गाड्यांची रांग होती. स्वेटर, मफलर, गोधड्या. कुणी शेगडी घेतली होती, कुणी लोणच्याची बरणी. धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. वरच्या वळणावर उसाची नव्हे तर शेणखताची ट्रॉली कलंडली होती आणि ओल्या खतावरून पुढच्या बिनसाखळीच्या गाड्या वर सरकेनात. चाकं नुसती जागेवर फिरत होती.

तेवढ्यात खळखळ आवाज करत लाल गाडी आली आणि त्या खतावरून सरळ वर चढून गेली.

लोक बघत राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "बघा! म्हणूनच साखळी लावलीया!" आणि टाळ्या पडल्या. संयोगितानं कपाळाला हात लावला.

वर तीन दरवाजापाशी मोकळ्या जागेत आधीच आलेली आणि खालून चालत चढलेली माणसं दाटली होती. उदयसिंह गाडीच्या बॉनेटवर चढला. बॉनेट इतकं बुटकं होतं, की तो फक्त गुडघाभर उंच झाला.

"मंडळी!" तो ओरडला. "बर्फ पडणार न्हाय! कवाच न्हाय! मी पाचटावरनं घसरलो म्हणून साखळी लावली. माझं चुकलं. आता घरला जावा!"

पण कुणी घरला वळेना.  पुढं एक म्हातारा आणि म्हातारी उभी होती. म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "मी गणपतराव. गारगोटीस्नं आलोय. ही माझी मंडळी, तानाबाई. पयल्या एष्टीनं आलोय आमी."

"बाबा, माफ करा. पण खरंच—"

"ते असू द्या. पर हिला बघायचं हुतं." गणपतरावांनी बायकोकडं बघितलं. "पोरगं लष्करात हाय आमचं. लडाखला. फोनवर म्हणतंय, आये, बर्फ हाय, नुसतं बर्फ. हिला काय कळत न्हाय. ही इचारती, म्हंजे कसं असतंय? ते म्हणतंय, पांढरं असतंय. ही म्हणती, दुधावानी का चुन्यावानी? त्येला सांगता येत न्हाय."

 तानाबाई पदर घट्ट लपेटून उभी होती.

उदयसिंह बॉनेटवरून उतरला.  संयोगितानं गाडीचं दार उघडलं.

"मावशी, बसा आत," ती म्हणाली. "गाडीत दोनच माणसं मावतात. मी हितं थांबतो बाबांबरोबर." शाळेत कटाक्षानं 'थांबते' म्हणणारी संयोगिता गडबडीत घरची बोली बोलून गेली.

"कुटं न्यायचं हिला?" उदयसिंहनं विचारलं.

"पुसाटीच्या बुरुजाकडं न्या. तिकडं धुकं जास्त असणार."

तानाबाईला आत बसवायला दोघांचे हात लागले. घोंगडी तिच्या पायावर टाकली. लाल गाडी गर्दीतून वाट काढत धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

बुरुजापाशी उदयसिंहनं इंजिन बंद केलं. पुढं काच होती आणि काचेपलीकडं काहीच नव्हतं. झाड नाही, दगड नाही, दरी नाही. सगळं पांढरं. तानाबाई खूप वेळ बघत बसली.

"दुधावानी न्हाय," शेवटी ती म्हणाली. "चुन्यावानीबी न्हाय."

"न्हाय," उदयसिंह म्हणाला.

"आनि काय दिसत न्हाय ह्येच्यात? फुडं कोन हाय, काय हाय?"

"न्हाय दिसत, मावशी."

"मग त्यो रातचा पहाऱ्याला उभा कसा ऱ्हातो रं?"

 उदयसिंहनं चिवड्याचा डबा उघडून तिच्यापुढं धरला. तिनं मूठभर घेतला, खाल्ला, आणि कंबरेच्या पिशवीतून मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. "लाव जरा त्येला."

तीन-चारदा लावल्यावर लागला.

"कोन, मृत्युंजय? आरं, म्या बघितलं बर्फ. व्हय, पन्हाळ्यावर. गाडीत बसून बघितलं. लई काय भारी न्हाय. नुसतं पांढरं." पलीकडून पोराचं हसू उदयसिंहला स्पष्ट ऐकू आलं. "काय म्हनतोस? मोठ्यांदा बोल... तितं आज ऊन पडलंय?" तानाबाईनं काचेबाहेर बघितलं आणि ती पण हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "मग ऊन खा की बाबा जरा. टोपी काढून बस."

गाडी परत आली तेव्हा गर्दी जागची हलली नव्हती. बायडाबाई सगळ्यात पुढं.

"काय गं म्हातारे, बर्फ हाय का न्हाय?"

उदयसिंह दार उघडत होता. तो घाईनं म्हणाला, "मावशी, सांगा ह्यांस्नी खरं काय ते."

तानाबाई नवऱ्याचा हात धरून उभी राहिली. तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"पडलं की," ती म्हणाली. "बुरुजाकडं पडलं. म्या ह्या डोळ्यांनी बघितलं."

सगळी गर्दी बुरुजाकडं धावली. शेगड्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या सगळं घेऊन लोक धुक्यात पळत होते. गणपतरावांनी बायकोच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

मोकळ्या मैदानात चौघंच उरली. संयोगितानं नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता आयुष्यभर तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"आणि तुझ्या भूगोलावर?"

 संयोगितानं चिवड्याचा डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि गणपतरावांना म्हणाली, "बाबा, घ्या. चटणी पण आहे."