कुंकू न लागलेला डबा

मित्रांनो, मला दोन शिंगं आहेत, पण मी चारा खात नाही. मी थोडा अडखळलो की घरातली माणसं भिंतीकडं तोंड करून ओरडतात. मी एक राऊटर आहे. एके काळी पांढरा होतो. आता आडतीतल्या धान्याच्या धुळीनं पिवळट झालो आहे.

माझं घर कळंबमध्ये आहे. पुढं शिवप्रसादअप्पांची आडत आणि मागं राहायच्या खोल्या. अप्पा, त्यांच्या पत्नी राजेश्वरी, मुलगी हर्षाली आणि अप्पांची आई महादेवी आजी, अशी चार माणसं या घरात राहतात. आता एक पाचवाही आला आहे. तो माणूस नाही, पण त्याचं कौतुक माणसापेक्षा जास्त होतं. मला खरं तर फक्त माझी गोष्ट सांगायची होती. ती त्याच्याशिवाय पुरी होत नाही, हेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुली बसलेल्या होत्या. एकीनं माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीनं शिंगं लावली, तिसरीनं दिवे लागतात का ते पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट अप्पांच्या घरी. तेव्हा शाळा बंद होत्या आणि लहानगी हर्षाली मोबाइल हातात धरून रेंजसाठी गच्चीवर उन्हात बसायची. केबलवाल्यानं छताजवळ आपला छोटा डबा ठोकला. त्यातून निघालेली तार माझ्या पाठीत खुपसली. तारेतून येणारं इंटरनेट घरभर वाटायचं, हे माझं काम ठरलं.

काय दिवस होते ते! हर्षालीची शाळा माझ्यातून भरायची. अप्पा लातूरचे भाव माझ्यातून बघायचे. राजेश्वरी ब्लाउजच्या नव्या गळ्यांचे नमुने बघायच्या. शेजारच्या भागवतकाकांनीही माझा पासवर्ड मागून घेतला होता. आजी पाहुण्यांना सांगायच्या, "ह्यो डबा आल्यापासून पोरगी सावलीत बसून शिकायलीय बघा." तेव्हा माझे दिवे जरा जास्तच लुकलुकायचे.

मग हर्षाली मोठी झाली. अकरावीत गेली आणि संगणकावर ऑनलाइन खेळ खेळू लागली. हा खेळ एकट्याचा नसतो. परंड्याचा कुलदीप, धाराशिवची आरोही आणि आमची हर्षाली असा तिघांचा संघ होता. तिघंही आपापल्या घरी बसून एकाच मैदानात उतरायची. त्यांची बोलणी माझ्यातूनच जायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

अभ्यासाचा धडा क्षणभर थांबला तरी चालतं. खेळात तसं चालत नाही. हर्षालीनं उडी मारायची आणि त्याच वेळी राजेश्वरींनी नमुन्याचा व्हिडिओ लावायचा. मी एकटा कुणाकुणाला पुरणार? एकदा ऐन सामन्यात हर्षाली मैदानातून गायब झाली. परत आली तोवर संघ हरला होता.

"तू हायस का गेलीस, काय कळतच न्हाय," कुलदीप चिडून म्हणाला. "पुढच्या सामन्याला तू अशीच मधून गेलीस तर आमी दुसरा गडी बघू. राग मानू नको."

हर्षालीनं कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलो नाही.

पुढच्या रविवारी तिनं अप्पांच्या मागं लागून नवा राऊटर घ्यायचं ठरवलं. जुना दाखवायला बरा, म्हणून मलाही पिशवीत घातलं. एसटीच्या बाकावर तिच्या मांडीवर बसून मी धाराशिवला गेलो. मला वाटलं, दुरुस्तीला नेत आहेत. आपल्या जागी कोण बसणार हे निवडायला आपल्यालाच नेत आहेत, हे मला दुकानात गेल्यावर कळलं.

दुकानदार वीरप्पा बोलका होता. त्यानं विचारलं, "घरात किती फोन हायत? पोरगी कुठल्या खोलीत बसून खेळती? मधी भिंती किती?"

हर्षालीनं सगळं सांगितलं. वीरप्पा म्हणाला, "ह्यात दोन वाटा असत्यात. एक वाट लांबवर जाती, भिंतीतून बी जाती, पण हळू. दुसरी लई जोरात पळती, पण भिंत आली की दमती. दोन्ही असलेला घ्या. आन् मालक, खेळासाठी सरळ एक तार टाका संगणकापर्यंत. वाटून घ्यायचं नेट हाय, तर कुणाला आधी द्यायचं ती बी सेटिंग बघून घ्या."

अप्पांचं लक्ष दुसरीकडंच होतं. गहू बघताना जसा ओंजळीत घेऊन तोलतात, तसा त्यांनी एकेक राऊटर तळहातावर तोलून पाहिला. शेवटी एक काळा, आठ शिंगांचा डबा उचलला. "ह्यो हातात भरतोय. शिंगं बी लई हायत."

"अप्पा, वजनावर न्हाय घेत हे," हर्षाली हसत म्हणाली. तरी तिचे डोळे त्याच्यावरच होते. त्याला निळे दिवे होते, मित्रांनो. माझे साधे हिरवे.

"आन् ह्या जुन्याचं काय?" अप्पांनी मला पुढं केलं.

वीरप्पानं मला उलटं केलं, सुलटं केलं आणि परत पिशवीत ठेवलं. "न्या घरी. लेकरांना खेळायला होईल."

घरी आल्यावर माझी तार निघाली आणि त्याच्या पाठीत गेली. हर्षालीनं मऊ फडक्यानं त्याला पुसलं. माझ्यावर तिनं कधी फडकं मारलं नव्हतं. तिनं त्याच्या शेजारी बसून फोटो काढला. त्याच्या वायफायला नाव दिलं 'वाघीण'. माझं नाव काय होतं सांगू? 'शिवप्रसाद आडत'. इतकी वर्षं राबलो, पण मला कुणी वाघ सोडा, मांजरसुद्धा म्हटलं नाही.

मी गेलो कपाटावरच्या टोपलीत. तिथं तुटके चार्जर होते आणि पेटत नसलेली एक बॅटरी. टोपलीच्या फटीतून समोर तोच दिसायचा. वीज गेली की तो विझायचा आणि मला बरं वाटायचं. वीज आली की त्याची शिंगं पुन्हा चमकायची आणि मला बरं वाटेनासं व्हायचं. हर्षाली एकदाही अडखळली नाही. कुलदीप म्हणाला, "आता कशी वाघिणीसारखी खेळायलीस!" मला वाटलं, एकदा तरी याची शिंगं गळावीत.

अशात नवरात्र आलं. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. ते विश्रांती घेतं आणि दसऱ्याला पुन्हा कामाला लागतं. आडतीतला काटा, पोती शिवायचे दाभण, हमालांचे हूक, राजेश्वरींचं शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं.

त्याच दिवशी दुपारनंतर हर्षालीच्या संघाचा शेवटचा सामना होता. आजी दिसेल त्या यंत्राला कुंकू लावून पाटावर बसवतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सकाळीच संगणक गोधडीखाली लपवला. मात्र राऊटरचं तिच्या लक्षातच आलं नाही. राऊटरला कुणी अवजार समजेल, असं तिला वाटलं नसावं.

आजींना तो अवजारच वाटला. त्यांनी फळीवरून आठ शिंगांच्या त्या डब्याची तार काढली, त्याला पाटावर काट्याशेजारी बसवलं, कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. छताजवळच्या केबलवाल्याच्या डब्याला मात्र त्या विजेचं मीटर समजतात, म्हणून तो सुटला.

मी टोपलीतून बघत होतो. इतक्या खंडेनवम्या मी त्या फळीवर काढल्या, पण मला कधी कुंकवाचा ठिपका लागला नव्हता. तेव्हा कुणाला मी अवजार वाटलोच नाही. आणि हा काल आलेला, काट्याच्या मानाला जाऊन बसला! माझ्या पोटातली हिरवी पट्टी जळाली नाही, हेच नशीब.

सामन्याची वेळ जवळ आली. हर्षालीनं गोधडीखालून संगणक काढला आणि फळीकडं पाहिलं. "आजी! ह्याला का लावलंस कुंकू?"

"मंग? दिसभर राबतंय बिचारं. आज त्याला इसावा."

"अगं, माझा सामना हाय आत्ता! लावू का परत?"

"कुंकू लागल्यालं उठवत न्हाईत," आजी म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष संगणकाकडं गेलं. "आन् ह्यो कुठनं आला? सकाळी इचारलं तर दुरुस्तीला टाकलाय म्हणालीस. देवापासनं लपवलास व्हय गं?"

हर्षालीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान हलवली. "माझा काटा आज पाटावर बसलाय. आडत बंद हाय. तुझा डबा कसा चालू करू?"

मोबाइलचं नेट आमच्या गल्लीत रडतखडत चालतं. त्यावर खेळ होत नाही. हर्षाली खाली बसली आणि तिला रडूच आलं. "मी आज खेळायला उतरले नाही तर मला काढणार हायत. कुलदीपनं आधीच सांगितलंय. मधून जाणारी म्हणून नाव पडलंय माझं."

आजी तिच्याजवळ टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमी सागरगोटे खेळायचो तवा बी असंच व्हायचं. डाव अर्धा टाकून जी उठली, तिला दुसऱ्या दिशी कुणी घ्यायचं न्हाय. म्या एकदा आईनं हाक मारली म्हणून उठले होते." त्या घरभर नजर फिरवू लागल्या. "पहिला डबा कुठं हाय? त्याला कुठं कुंकू लागलंय?"

मित्रांनो, ते ऐकून मला आनंद झाला आणि झोंबलंही. माझा मान झाला नव्हता, म्हणूनच मी कामाचा ठरलो होतो.

हर्षालीनं मला टोपलीतून काढलं आणि फ्रॉकच्या जुन्या कापडानं पुसलं. हो, पुसलं! केबलवाल्याचा पासवर्ड माझ्या पोटात अजून होता. तार पाठीत गेली आणि माझे हिरवे दिवे लागले. नव्या डब्यासाठी आणलेली लांब तार तिनं माझ्यापासून संगणकापर्यंत टाकली. सामना सुरू झाला.

पण मी जागा झालो आणि घरातल्या सगळ्या फोनांना माझी जुनी ओळख आठवली. राजेश्वरींचा फोन मला येऊन चिकटला, अप्पांचाही चिकटला. पूजेचा प्रसाद घ्यायला आलेले भागवतकाका खुर्चीत बसून कुस्ती बघत होते. त्यांचाही फोन धावत आला. माझा श्वास कोंडला.

"हर्षाली? हायस का?" तिकडून कुलदीप ओरडला. "झालं, गेली वाटतं!"

"हाय! हाय मी!" हर्षाली ओरडली. "अप्पा, सगळ्यांनी फोन बंद करा ना!"

"एवढं भाव बघून ठेवतो," अप्पा म्हणाले.

"माझा निम्मा नमुना झालाय," राजेश्वरी म्हणाल्या.

"आता चितपट व्हायलाय गडी," भागवतकाका म्हणाले.

आजी उठल्या. त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला आणि पहिल्यांदा अप्पांच्या फोनवर ठिपका लावला. "ठेव पाटावर."

"आई, आडत बंद हाय, फोन कुठं बंद हाय?"

"भाव कशात बघतोस तू? मंग अवजारच की ते. ठेव."

राजेश्वरी हसू दाबत म्हणाल्या, "आत्याबाई, मी स्वतःच ठेवते." भागवतकाका फोन खिशात घालून दाराकडं सरकू लागले.

"भागवत, थांब. तुझ्या बी फोनला पुण्य लागू दे."

"काकू, माझी कुस्ती..."

"उद्या कळंल कोण पडलं त्ये."

पाटावर काट्याशेजारी तीन फोन जाऊन बसले. माझ्याशी एकच तार जोडलेली राहिली, हर्षालीची. माझा श्वास मोकळा झाला. मी फार वेगवान नाही, मित्रांनो, पण एकालाच वाढायचं असेल तर माझा हात आखडत नाही. तिनं मारलेली प्रत्येक उडी मी जशीच्या तशी पलीकडं पोचवली. पाटावरच्या त्या काळ्याकडं मी मधूनमधून बघत होतो. तो कुंकू लावून गप्प बसला होता.

संघ शेवटच्या फेरीत थोडक्यात हरला. दुसरा आला. हर्षाली घाबरून वाट बघत होती. तिकडून कुलदीपचा आवाज आला, "हरलो तर हरलो गं. पण तू आज एकदा बी गेली न्हाईस. पुढच्या खेपेला पुढं तूच राहायचं." आरोही म्हणाली, "मी तर आधीच म्हणत होते."

हर्षालीनं हेडफोन काढले आणि माझ्या शिंगावरून बोट फिरवलं. तिला बहुतेक ते आठवणारही नाही.

दसऱ्याला सकाळी काळा डबा पाटावरून उठला आणि फळीवर गेला. मला वाटलं, आता पुन्हा टोपली. तेवढ्यात आजी करंडा घेऊन आल्या. "काल सगळी बसली, ह्यो एकटा राबला. ह्याचं राहिलंच की." त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि माझ्या दोन शिंगांच्या मधोमध झेंडूचं फूल खोवलं. मग म्हणाल्या, "आज ह्याला कुणी उठवायचं न्हाय." माझी तार निघाली. दिवे विझले. विझताना पहिल्यांदाच मला वाईट वाटलं नाही.

आता मी पुढं आडतीत असतो, काट्याशेजारच्या कोनाड्यात. अप्पांना तिथं भाव बघायला मी पुरतो.

मित्रांनो, घरात नवा डबा जरूर आणा. पण आणण्याआधी आपण किती जण आहोत, कुठं बसतो, एकमेकांसाठी थोडं थांबतो का, हेही बघा. थांबायला कुणीच तयार नसेल, तर आठ शिंगांचा डबाही एक दिवस माझ्यासारखाच गुदमरेल. आणि जुना काढलात, तर लगेच टोपलीत टाकू नका. कधी तरी त्याच्यावरून फडकं फिरवा. त्याला ते कळतं.

माझं फूल आता वाळलं आहे, पण अजून शिंगांत अडकलेलं आहे. त्या काळ्याचं फूल दसऱ्यालाच केराबरोबर गेलं. मी नीट पाहिलं होतं, तसंही ते माझ्या फुलापेक्षा लहानच होतं.