फ्रीजवरचा तीन डोळ्यांचा राक्षस

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. घाबरू नका, माझी उंची जेमतेम साडेतीन इंच आहे. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या एका घरी फ्रीजच्या दाराला मी चिकटलेला असतो. पाठीला काळं चुंबकी रबर आणि पुढच्या अंगाला कुठल्याशा जुन्या परदेशी सिनेमाचं पोस्टर. पिवळं आभाळ, त्यात उडती तबकडी, खाली जळणारं शहर आणि मधोमध मी: लालभडक, तीन डोळ्यांचा, हातात एक बेशुद्ध बाई. तो सिनेमा या घरात कुणी पाहिलेला नाही. मीही नाही.

एका मोठ्या कागदावर आम्ही चाळीसजण एकदम छापले गेलो. मग रबरावर चिकटवून आम्हाला सुरीनं कापलं. त्यात माझ्या डाव्या पायाचा अंगठा गेला. या घरच्या सायलीनं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीनं, चौघांचा संच मागवला. यंत्रमानव तिची मैत्रीण घेऊन गेली, रॉकेट फ्रीजखाली सरकलं ते सरकलंच, आणि तबकडीवर कुणीतरी गरम कुकर टेकवला. उरलो मी एकटा. दोन वर्षं मी दुधाची चिठ्ठी धरून उभा होतो. कंटाळा आला होता नुसता.

मग मनकर्णाबाई आल्या आणि माझं नशीब उघडलं. त्यांचं मात्र फुटलं.

आमच्या गल्लीला नळ आठ दिवसांनी येतो, आणि तोही दीड तास. सायलीचे आईवडील, रूपा आणि गोकुळ, दोघंही वाळूजला कंपनीत. सकाळी सातलाच घराबाहेर. नळाच्या दिवशी घरी कुणीतरी हवं, म्हणून रूपानं सासूला पिशोरहून बोलावून घेतलं. सांगताना मात्र "तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन करू" असं सांगितलं. मनकर्णाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गावाकडं थोरल्या मुलानं, इंद्रजीतनं, हात झटकले होते, "या वयात काय बघायचंय तुला?" म्हणून. त्यांना एकच बघायचं होतं.

"सायलीचं लगीन व्हईल आता," त्या म्हणायच्या. "मुंडावळ्या बांधलेलं तिचं तोंड दिसावं. मग गेले डोळे तरी चालंल."

नळाचा दिवस कधीकधी पुढंमागं व्हायचा, म्हणून पाणी सोडणाऱ्या लाईनमनचा निरोप आदल्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर येई. मनकर्णाबाईंना ना वाचता येत होतं, ना फोन दिसत होता. पण लाल रंग तेवढा कळायचा. म्हणून रूपानं मला कामाला लावलं. राक्षस फ्रीजच्या वरच्या दारावर असला की आज पाणी. खालच्या दारावर असला की नाही. मला सकाळी जागेवर लावायचं काम सायलीचं.

"एवढंच काम आहे तुम्हाला, आत्याबाई," रूपा म्हणाली. "एकदा जरी पाणी चुकलं, तर पिशोरची गाडी. मग ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

मनकर्णाबाई रोज उठल्या उठल्या माझ्याजवळ येत. नाक लागेल इतक्या जवळून बघत. "आमच्या बांधावरच्या म्हसोबावानी हाय गं ह्यो," असं म्हणून त्यांनी माझ्या तिसऱ्या डोळ्याला कुंकूसुद्धा लावलं. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. जन्मात पहिल्यांदा मला कुणी हात जोडले होते. मी वर दिसलो की त्या पाईप हौदात सोडत, मोटर लावत, वर चार ड्रम भरून ठेवत. पाच महिन्यांत एक थेंब चुकला नाही.

सायलीला एक दिवस गंमत सुचली. नळाचा दिवस नसताना तिनं मला वर लावलं. म्हातारी नऊपासून एकपर्यंत पाईप धरून उन्हात बसली. "ये रं बाबा," असं नळाशी बोलू लागली. सायलीनं खिडकीतून रील काढलं. चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. रूपा हसली. गोकुळ तर म्हणाला, "आई, तू फेमस झालीस की!" मनकर्णाबाईंना कळेना, काय झालं ते. पण सगळे हसतायत म्हणून त्याही हसल्या.

हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेजारणीनं सांगितलं, तेव्हा त्यांना समजलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा माझ्यासमोर येऊन हात जोडले. माझ्याशिवाय त्यांना होतं कोण?

मग सायलीचं लग्न ठरलं. रविवारी घरीच साखरपुडा, आणि पुढच्या मंगळवारी मनकर्णाबाईंच्या ऑपरेशनची तारीख. नळ गुरुवारी. पण सायलीच्या डोक्यात वेगळंच. "आजी कुठंय?" असं लोक रीलखाली विचारत होते. तिनं ठरवलं, आज मला खालीच ठेवायचं. पाणी अचानक आलं की म्हातारी बादल्या घेऊन कशी धावते, ते टिपायचं. मला खाली चिकटवून ती फोन घेऊन बसली. दहा वाजता मैत्रिणीचा फोन आला, "चल, लेहंगा बघायचाय," आणि ती गेली. मला वर लावायचं राहूनच गेलं.

अकराला शेजारच्या मोटरी सुरू झाल्या. मनकर्णाबाई दचकून उठल्या, भिंत धरत माझ्याजवळ आल्या. मी खाली. बोटांनी चाचपून पुन्हा पाहिलं. मी खालीच. "मागच्या गल्लीचं असंल," त्या म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं त्यांना. मी ओरडलो असतो हो, पण माझं तोंड छापलेलं आहे.

सायली आली तेव्हा हौद कोरडा. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, मला उचललं आणि गुपचूप वरच्या दारावर लावलं.

संध्याकाळी रूपानं ड्रम उघडले आणि घर डोक्यावर घेतलं. "रविवारी पन्नास माणसं येणार! सायली, राक्षस लावला नव्हता का?"

"लावला ना मम्मी. बघ की, वरच आहे."

"बाई, सकाळी त्यो खालीच व्हता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्या हात लावून बघितला."

"आई, तुला दिसतं का?" गोकुळ म्हणाला. "दिसत नाही, मान्य कर की. पोरीवर कशाला घालतेस?"

मनकर्णाबाईंनी सायलीकडं तोंड वळवलं. नीट दिसत नव्हतंच त्यांना. तरी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. माझीच नजर चुकली असंल."

शुक्रवारी गोकुळनं त्यांना पिशोरच्या गाडीत बसवलं. साखरपुड्याला एक टँकर मागवला आणि भागलं. बघा, एका टँकरचंच काम होतं. मंगळवार आला, तसाच गेला. ऑपरेशनचं कुणी नाव काढलं नाही. नवरदेव ऋतुराजला मी फार आवडलो. त्यानं माझा फोटो काढला.

माझं कुंकू रूपानं ओल्या फडक्यानं पुसलं. आता मी लाईटबिल धरून असतो.

मनकर्णाबाई पिशोरला दिवस मोजतात. दर आठव्या दिवशी कुणाचा तरी फोन मागून घेतात. "रूपा, आज नळ हाय. भरलं का पाणी?" त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं म्हणे. मागच्या वेळी सायलीनं फोन स्पीकरवर टाकला आणि त्याचंही रील केलं. ते साठ हजार लोकांनी पाहिलं.

मित्रांनो, या ठिकाणी मी तुम्हाला "मला जपा, मला पुसा" असं सांगायला हवं. नका पुसू. मला काही नको. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस म्हणालं, "बाळा, सकाळी तो खालीच होता," तर त्याच्या डोळ्यांकडं बोट दाखवायच्या आधी एकदा तरी विचारा, तो खाली कुणी ठेवला होता.

आणि ते रील तुम्हीही पाहिलं असेल. हसलाही असाल.