सोळा वार, पण मीटरवर

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण कधीच हरवलं आणि अंगावरचा सोळा जीबीचा आकडाही पुसत चालला आहे. त्याच आकड्यापायी एकदा मी खोटारडा ठरलो होतो.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि तिथून शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या बाईंच्या घरी. बाईंची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. दिसतंय तोवर हातातली कला कुठेतरी राहावी, म्हणून भाचीने त्यांचे बारा धडे मोबाइलवर चित्रित केले होते. ते मी सांभाळायचे होते. अकरा धडे मी आनंदाने पोटात घेतले. बारावा काही केल्या मावेना. संगणक म्हणाला, याची जागा पंधरा जीबीपेक्षाही थोडी कमीच.

बाई भडकल्या. "आत आधीच कुणाचं तरी सामान आहे. वापरलेला माल गळ्यात मारला मेल्याने!"

भाचीला घेऊन त्या तडक दुकानात गेल्या. मला फार वाईट वाटलं. मी अगदी कोरा होतो हो!

दुकानदार शांत माणूस. म्हणाला, "मावशी, सोळा वार कापड मीटरने मोजलं तर किती भरतं?"

"साडेचौदाच्या जरा वर. का?"

"मग कापड चोरीला गेलं का? कारखाना हजार-हजारांनी मोजतो, संगणक हजार चोवीसांनी. त्याचं माप मोठं, म्हणून आकडा लहान. शिवाय कुठला धडा कुठे ठेवलाय, त्या यादीलाही थोडी जागा लागते."

"म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं कापड," बाई पुटपुटल्या आणि हसल्या. बारावा धडा नेमका तोच होता: मूल वाढलं की फ्रॉक उसवून मोठा करता यावा, म्हणून आत कापड कसं सोडायचं.

"पहिल्या धड्यात मी पाव तास स्वतःचंच कौतुक केलंय," त्या भाचीला म्हणाल्या. "तेवढं काप."

बारावा धडा अलगद आत आला.

आता वर्ग भाची चालवते आणि मुली माझ्यातला बाईंचा आवाज ऐकत कापड बेततात. पण मी थकलोय. कधी कधी संगणक मला ओळखतच नाही. म्हणून मित्रांनो, मला काठोकाठ भरू नका आणि जपायची गोष्ट माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.

काल भाचीने नवा पेनड्राइव्ह आणला. बाईंनी तो बोटांनी चाचपला.

"किती वार?"

"बत्तीस."

"म्हणजे तिसाच्या आत धर. जुन्यातलं सगळं यात घाल, आणि मला सुईत दोरा ओवून दे. तेरावा धडा घेऊ. न बघता हातशिलाई कशी घालायची, ते आता कुठे मला जमायला लागलंय."